मरळीच्या तोंडात सिमेंट

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं भंडारा जिल्ह्यात गेली. त्या वर्षांबद्दल मी आजवर भरपूर बोललो आहे. तिथले तलाव, तिथला चिन्नोर तांदूळ, तिथलं ऊन, सगळं पाहुण्यांना पकडून पकडून ऐकवलं आहे. फक्त एका गावाचं आणि तिथल्या लाल विटांच्या चर्चचं नाव मी कधी काढलं नाही. गप्पांची गाडी मोहाडीच्या पुढे सरकायला लागली की मी उठून चहाचं विचारायचो. त्यामुळे आमच्या घरी चहा फार व्हायचा.

या जानेवारीत मी तिथे जाऊन आलो. इतकी वर्षं जे गिळून बसलो होतो ते आता लिहून टाकतो. गावाचं नाव मात्र इथेही देणार नाही. आंधळगावहून आत जावं लागतं, एवढं पुरे. ज्या म्हाताऱ्याबद्दल लिहिणार आहे त्याचंही खरं नाव वेगळं आहे. असं का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

सुरुवात एका फोनने झाली.

"ओव्हरसियर साहेब बोलून राहिले का जी?"

मला ओव्हरसियर म्हणून हाक मारणारी माणसं बहुतेक संपली आहेत. मी जरा सावरून बसलो. पलीकडचा आवाज म्हणाला, "मी फादर मॅथ्यू. मूळचा केरळचा, आता इथलाच. आमच्या घंटेचा निर्णय करायचा आहे. अर्धे लोक म्हणतात, भोंगा लावा आणि त्यात घंटेचं रेकॉर्डिंग वाजवा. अर्धे म्हणतात, खरीच वाजवा. पण तुम्ही तेव्हा सांगून गेले होते का वाजवाल तर बुरूज पडेल. आता तुम्हीच या आणि सांगा. तुमच्याशिवाय कोणी हात लावाले तयार नाही."

मी तब्येतीचं कारण सांगणार होतो. पण फोन स्पीकरवर होता आणि सुमन, म्हणजे माझी बायको, समोर मटार सोलत होती.

"अहो, चाळीस वर्षांनी कुणी तुमचं मत विचारतंय," ती म्हणाली. "घरात तर कुणी विचारत नाही. चला की."

वरठी ते आंधळगाव

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. रेल्वे सगळीकडे सारखीच. भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीला आहे, हे नवख्या माणसाला उतरल्यावर कळतं आणि तो थोडा रागावतो. सुमन रागावली. पण बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "आंधळगावले जाता? कोसा घ्याले आले का बाई?" आणि तिचा राग तिथल्या तिथे उतरला. आंधळगावात कोशाचं रेशमी कापड विणतात हे मी तिला संसारात एकदाही सांगितलं नव्हतं. त्या गावापासून पुढचा रस्ता कुठे जातो ते मला ठाऊक होतं ना.

मोहाडी मागे पडली की दोन्ही बाजूंना शेतं खाली उतरतात आणि बांधांची जाळी सुरू होते. उन्हाळी धानाची तयारी चालली होती. चिखल केलेल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, बायका ओळीने वाकून रोवणी करत होत्या. पुण्याकडच्या माणसाला जानेवारीत भाताची लावणी म्हणजे दिवाळीत होळी वाटते. इथे तलावाला पाणी असेल तर धान दोनदा होतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

"चर्च पाहाले चालले म्हणता," रिक्षावाला म्हणाला, "तं मंग बुरूज फोडणाऱ्या बाबालेबी भेटून घ्या."

"कोण हो ते?" सुमनने विचारलं.

"डोमाजीबाबा. ढिवर आहे, मासे धरणारा. असा दोर ओढला बाई, असा दोर ओढला का घंटीच्या आवाजानं बुरूज वरून खालवर फाटला. तवा पुण्याहून मोठा इंजिनिअर आला होता तपासाले. मशीन लावून पाह्यलं त्यानं. मंग बाबाले हात जोडले आन् म्हणे, बाबा, पुन्हा वाजवू नोको, नाहीतं चर्च पडन."

सुमन माझ्याकडे बघायला लागली. "मोठा इंजिनिअर कोण हो?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो आणि बाहेरच्या रोवणीत एकाएकी रस घेतला.

मशीन म्हणजे माझा ओळंबा. दोरीला बांधलेलं शिशाचं वजन. आणि हात मी जोडले नव्हते. जोडायला हवे होते, ती गोष्ट वेगळी.

चर्च

तलावाच्या पाळीवरून वळलं की ते एकदम दिसतं. आजूबाजूला कौलारू घरं, धानाची पुंजणी, चिंचेची झाडं, आणि मधोमध हा लालबुंद, टोकदार, आभाळाकडे बोट दाखवणारा प्रकार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी परदेशी गावाचा एक तुकडा वाट चुकून इथे येऊन थांबला आहे. जवळ गेल्यावर कळतं की तो इथलाच आहे, अगदी पायाखालच्या मातीचा.

गोष्ट अशी सांगतात. साहेबाच्या राज्यात फ्रान्सकडून एक पाद्री इथे आले. त्यांच्या डोक्यात त्यांच्या गावचं दगडी चर्च होतं, उंच कमानींचं. इथे तसा दगड आणायचा कुठून? मालगुजाराने तलावाच्या काठी जागा दिली आणि म्हणाला, गाळ हवा तेवढा न्या, तेवढाच माझा तलाव खोल होईल. मग त्या गाळाच्या विटा पाडल्या, धानाच्या कोंड्यात भाजल्या. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून तो मळला. तलाव जसा खोल गेला तसं चर्च वर आलं. आजही गावात म्हणतात की चर्चचं माप तलावात आहे.

आत शिरताना दरवाज्यावर टोकदार कमान आहे, एकात एक तीन. कमानीसाठी लागणाऱ्या निमुळत्या विटा वेगळ्या साच्यात पाडलेल्या. तिच्या कडेने विटांतच नक्षीची ओळ आहे. पाद्रीबाबांनी म्हणे द्राक्षाचा वेल काढून दिला होता. साचे करणाऱ्यांनी द्राक्ष पाहिलेलं नव्हतं, त्यांनी धानाच्या लोंब्या केल्या. पाद्रीबाबांनी थोडा विचार केला आणि तशाच राहू दिल्या. मला तो माणूस तेवढ्यासाठी आवडतो.

भिंतींना बाहेरून टेकू दिल्यासारखे जाडजूड विटांचे खांब आहेत. त्यांच्यामुळे भिंती उंच नेता आल्या आणि त्यांत लांबट, टोकदार खिडक्या ठेवता आल्या. दुपारचं ऊन त्यांच्या रंगीत काचांतून येतं तेव्हा आतल्या फरशीवर निळे-तांबडे डाग पडतात. काही काचा फुटल्यावर तिथे साधी काच बसवली आहे, त्यामुळे मधूनमधून साधं ऊनही येतं. छताला सागवानी कैच्या, म्हणजे त्रिकोणी चौकटी, आहेत. मान वर करून पाहिलं की उपडी घातलेली होडी वाटते. फादर मॅथ्यू म्हणाले की चर्चच्या जुन्या लॅटिन भाषेत या भागाला जहाजाचंच नाव आहे.

"ढिवर लोकायले ते समजवावं नाही लागत," ते म्हणाले. "ते म्हणतात, डोंगा आहे, पालथा."

फादर मॅथ्यू चाळिशीचे, हसऱ्या चेहऱ्याचे. हा मल्याळी माणूस माझ्यापेक्षा शुद्ध झाडीबोली बोलत होता. मी इतकी वर्षं राहून 'मला'चं 'मले' करू शकलो नव्हतो.

घंटेची गोष्टही सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी आहे. घंटा बैलगाडीने आली आणि नेमकी तलावाच्या चिखलात रुतली. बैल अडून बसले. तेव्हा गावच्या ढिवरांनी जाळ्याचे दोर लावून ती ओढून काढली आणि तशीच बुरुजावरही चढवली. त्यावर पाद्रीबाबांनी ठरवून टाकलं की घंटेचा दोर ढिवरांचा. ख्रिस्ती नसले तरी. तेव्हापासून घंटा वाजवायचा मान त्यांच्या घराण्यांत फिरत आला. मातेच्या सणाला दोर धरणाऱ्याला नारळ आणि नवं धोतर मिळायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा व्हायची. दुपारच्या घंटेवर सगळ्या शिवारातल्या रोवणीच्या बायका कंबर सरळ करून जेवायला बांधावर यायच्या. घड्याळ कुणाच्या हातात नव्हतं. शेतमालकाला 'अजून थोडं' म्हणायची सोय नव्हती. घंटा झाली म्हणजे झाली.

माझ्या वेळी तो दोर डोमाजींच्या हातात होता. जाळं ओढणारा माणूस. दंड असे की सदरा शिंप्याला वेगळा शिवावा लागे. ते घंटा वाजवायचे ती जाळं ओढल्यासारखी, पाय रोवून, पूर्ण अंगाने.

मरळ

आम्ही बाहेरून चक्कर मारत होतो. बुरुजाच्या चार कोपऱ्यांना वर, पागोळीच्या जागी, भाजलेल्या मातीची चार माशांची तोंडं आहेत. परदेशी चर्चना तिथे राक्षस असतात म्हणे, तोंडातून पावसाचं पाणी लांब फेकणारे. इथल्या कारागिरांनी मरळ केली. चपटं डोकं, आ वासलेला जबडा.

सुमन हाताची झापड करून वर बघत होती. "अहो, तिघी आ करून आहेत. ही चौथी तोंड मिटून का बसली आहे?"

मी तिला सांगितलं. तिथेच, त्या कोपऱ्याखाली उभं राहून. आता तुम्हालाही सांगतो.

चर्चमध्ये एक लग्न होतं. पाऊस आला आणि त्या चौथ्या मरळीने सगळं पाणी नवरदेवाच्या फेट्यावर ओतलं. लोक हसले, नवरदेव रुसला, वऱ्हाडात बोलाचाली झाली. मी सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होतो, वय तिशीच्या आतलं, गावात मान. तेव्हाच्या फादरना म्हणालो, त्यात काय, मी करून देतो. मरळीच्या तोंडात सिमेंट भरलं, तिच्या खाली भोक पाडून लोखंडी पाइप लावला आणि तो भिंतीला धरून सरळ खाली आणून सोडला. दिसायला व्यवस्थित. कुणाचा फेटा भिजायचा प्रश्न नाही.

त्या मरळीचं काम पाणी भिंतीपासून लांब फेकायचं होतं. मी ते पाणी नेमकं बुरुजाच्या पायात नेऊन घातलं. तलावाकाठची चिकण माती. एका पावसाळ्यात ती फुगली, भिजली आणि कोपऱ्याखालून बसली.

भादव्यात मातेचा सण झाला. डोमाजींनी त्या दिवशी घंटा लांबवर वाजवली, सणाचा उत्साह. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुजाला वरच्या खिडकीपासून खालपर्यंत भेग. सगळं गाव पायऱ्यांपुढे जमलं. फादरनी मला बोलावून घेतलं. मी ओळंबा सोडला. बघायची गरजच नव्हती, पाइपाच्या तोंडाशी अजून डबकं होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. वर पाहिलं तर समोर सगळे लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि पहिल्या रांगेत डोमाजी, ते दंड, त्या हातांना दोराचे वळ.

मी म्हणालो, "घंटेच्या दणक्याने. फार जोरात ओढली. आता वाजवायची नाही."

इतकं सोपं होतं ते. कुणी उलट विचारलंसुद्धा नाही.

मग मी गाळ साचतो असं काहीतरी सांगून पाइपापासून तलावापर्यंत एक पक्की नाली काढून दिली. पाणी पायात जायचं थांबलं, भेग वाढायची थांबली. इकडे घंटाही थांबली होती. लोकांनी दोन आणि दोन चार केले. घंटा बंद झाली आणि भेग थांबली, म्हणजे साहेब बरोबर बोलला. माझ्या खोट्याला असा पुरावा मिळाला की खऱ्यालाही कधी मिळत नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

सुमनने पुन्हा एकदा वर त्या मरळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सोसायटीत कुणी पावसाचा पाइप बसवायला घेतला की तुम्ही खाली जाऊन दोन-दोन तास भाषण का देता, ते आज कळलं."

"हं."

"मला वाटायचं तुम्हाला उद्योग नाही."

डोमाजींचं घर

फादरना सांगण्याआधी डोमाजींना सांगायचं असं मी ठरवलं होतं. पहिला हक्क त्यांचा. वाक्यही गाडीतच तयार केलं होतं, छोटंसं, मध्ये श्वास घ्यायला जागा न ठेवता.

डोमाजी अंगणात जाळं विणत बसले होते. ऐंशीच्या आसपासचे असतील. दंडांचं मांस ओसरलेलं, पण हाडांची रुंदी तीच. त्यांनी डोळे बारीक केले.

"वळखलो," ते म्हणाले. "नाक तेच आहे. ओव्हरसियर साहेब."

मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात दोन बोटांत धरला, पिकलं फळ धरावं तसा, आणि लगेच सोडला.

"जोरानं नाही धरत मी कोणाले," ते म्हणाले. "माह्या हाताचा भरोसा नाही. तुमाले तं माहीतच आहे."

आणि हसले. मी वाक्याची सुरुवात शोधत होतो, तोवर ते सुनेला हाक मारत होते. "रत्ना, वो रत्ना. पाय कोण आलं. पुण्याचा इंजिनिअर आला, आपला. झिंगे कर. आयते कर." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुमचे मोठे उपकार आहेत बापा."

"माझे?"

"मंग? तुमी तवा चारचौघांत सांगतलं म्हणून दुनियाले समजलं. नाहीतं लोकायनं म्हटलं असतं, बुरूजच कच्चा होता."

सुमनला खोकला आला. पाणी आणायला म्हणून ती आत गेली ती आतच बसली.

पुढचा तासभर डोमाजींनी मला बुरूज कसा फुटला ते सांगितलं. माझ्या देखत घडलेली गोष्ट मी पहिल्यांदा नीट ऐकली. घंटेचा आवाज तुमसरपर्यंत गेला होता. आंबागडच्या किल्ल्यावरची माकडं खाली उतरली होती. विटांतून आधी धूळ आली, मग कण्हल्यासारखा आवाज आला. मग मी आलो, मशीन घेऊन. कुठून कुठून पोरं येतात, शाळेच्या सहली येतात, डोमाजी त्यांना भेग दाखवतात आणि मग आपले तळहात दाखवतात. कुठल्याही लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवतात.

मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "थांबा, असली गोष्ट तं पुढंच आहे." दुसऱ्यांदा ताट आलं.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. वांग्यात शिजवलेले तलावाचे झिंगे, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, तव्यावरून थेट ताटात पडणारे तांदळाचे जाळीदार आयते आणि शेवटी चिन्नोरचा भात, ज्याचा वास ताटाच्या आधी येऊन पोचतो. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात आणि पाहुणा शहाणा असेल तर नको म्हणतो. इथे विचारायची पद्धत नाही. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात.

डोमाजी हात धुवायला परसात गेले तेव्हा रत्नाबाई दारात टेकून सुमनला म्हणाल्या, "हसतेत आता. पैले असे नव्हते जी. सासूबाई सांगत. तवा आमच्या ढिवर लोकायनंच लय बोलून घेतलं. म्हणे, बापजाद्यायचा दोराचा मान, तो तुह्यापायी गेला. कैक वर्स ह्यायनं चर्चच्या वाटेनं पाय नाही टाकला. जाळं घेऊन तलावाच्या पल्याडून फिरून जात."

"मग?" सुमनने विचारलं.

"मंग पोरं मोठे झाले ना. त्यायले काय माहीत. ते विचारत, आबा, तुमीच का बुरूज फोडणारे? डोळे असे मोठे करून. मंग हे बी हसाले लागले." त्यांनी परसाकडे पाहून घेतलं. "शरम होती बाई. बुढ्यानं तिचीच शान केली."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बोटाने रेघा ओढत होतो. गाडीत तयार केलेलं वाक्य अचानक मला चोरासारखं वाटायला लागलं. चाळीस वर्षांपूर्वी या माणसाचा दोर मी नेला. उरलेल्या भेगेवर त्याने घर बांधलं. आता माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून ती भेगही मागायला आलो होतो.

निघताना डोमाजींनी विचारलं, "मंग साहेब, का ठरवलं? वाजवाची का भोंगाच लावाचा?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"भोंगा नोको लावू देजा," ते हळूच म्हणाले. "घंटी वाजन तं एकदा आयकून घेईन म्हणतो. वाजवन कोणी बी. मी नाही हात लावत."

फादरचा चहा

फादरना मात्र मी सगळं सांगितलं. ते सांगितल्याशिवाय घंटा वाजणार नव्हती. ते ऐकत असताना त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली.

"म्हणजे बुरुजाले काही धोका नाही," ते शेवटी म्हणाले.

"भेग तेव्हापासून केसभर हललेली नाही. मी आज तपासली. सांधे चुन्याने भरून घ्या, सिमेंटने नको. पाइप काढा आणि मरळीचं तोंड मोकळं करा. घंटा खुशाल वाजवा."

"आणि डोमाजी?"

"वाजवायची तर त्यांनीच. मान त्यांचा आहे."

"ते बरोबर. पण त्यायले हे कोण सांगन?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलंत तर?"

फादर मॅथ्यू हसले. "माझ्याकडे जे येतात ते आपली आपली पापं सांगतात साहेब. दुसऱ्याची पोचवायची सोय आमच्याकडे नाही."

त्यांनी गवंड्याला बोलावलं. दुपारभर तो परांचीवर बसून छिन्नीने माझं सिमेंट काढत होता. मी केलेल्या सगळ्या कामांत ते सर्वांत मजबूत निघालं. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा मरळीने आ केला. मी इतक्या खाली उभा होतो तरी तिची नजर चुकवली.

रविवार

मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपल्यावर लोक घरी गेले नाहीत. बातमी फिरली होती. ख्रिस्ती, ढिवर, शेतकरी, सगळे पायऱ्यांपुढे जमले होते, तसेच, त्याच जागी. तलावापलीकडच्या बांध्यांत बायका रोवणी करत होत्या, त्यांचे रंगीबेरंगी पदर इथून दिसत होते.

फादरनी जाहीर केलं की बुरूज तपासला आहे, घंटा वाजवायला हरकत नाही, आणि दोर डोमाजी धरतील. डोमाजी मागे सरले. "मी नाही," ते म्हणाले. मग सगळे म्हणायला लागले तसे पुढे आले. नवं धोतर नेसून आले होते, म्हणजे दोर धरायचं घरूनच ठरलं होतं.

बुरुजाच्या तळाशी, वरच्या अंधारातून उतरलेला नवा दोर लोंबत होता. मी त्यांच्या शेजारी उभा. त्यांनी तो दोन बोटांत धरला, माझा हात धरला होता तसा, आणि जरासा ओढला. वर कुठेतरी 'ट्ण' झालं. एवढंसं, चमचा पेल्याला लागावा तसं. पलीकडच्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

"जोरात ओढा, डोमाजी," मी म्हणालो.

"आन् पडला तं?"

"नाही पडत. मी आहे ना."

"तवाबी तुमीच होते साहेब," ते म्हणाले. साधंच म्हणाले.

"आता पक्का आहे. माझा शब्द."

त्यांनी एकदा वर पाहिलं. दोर मनगटाला गुंडाळला, पाय रोवले आणि ओढला. पहिल्यांदा दोर त्यांनाच वर घेऊन गेला, टाचा सुटल्या. दुसऱ्यांदा लय सापडली. मग घंटा बोलली. तो आवाज कानांनी कमी आणि पायांनी जास्त ऐकू येतो. पारवे भडाभडा उडाले. पाळीवरची म्हैस उभी राहिली. आणि तलावापलीकडे, एक-एक करत, सगळ्या बायकांनी कंबर सरळ केली आणि इकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोन-तीन म्हाताऱ्या काम टाकून सरळ बांधावर येऊन बसल्या. जेवायची वेळ अजून झालेली नव्हती, पण घंटा झाली म्हणजे झाली.

डोमाजी थांबले तेव्हा घामाघूम झाले होते. घंटेची गुणगुण विटांत मुरेपर्यंत ते दोर धरून उभे राहिले. मग ते बाहेर आले, आणि मान वर करून त्यांनी बुरूज पाहिला. भेग पाहिली. चारी बाजूंनी फिरून पाहिलं. वीट तर सोडाच, चुन्याची भुकटीसुद्धा पडली नव्हती.

"काईच नाही झालं," ते म्हणाले.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते हसले नाहीत. पायरीवर बसले आणि दोन्ही तळहात समोर धरून पाहत राहिले.

"म्हातारा झालो मी, साहेब. जोर गेला."

मी त्यांच्या शेजारी बसलो. लोक अजून बघत होते. एक पोरगी आपल्या भावाला सांगत होती की आबांनी आता नुसतीच वाजवली. डोमाजींनी ते ऐकलं असावं. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "तुमी सांगा ना त्यायले काही. तवा सांगतलं होतं तसं. तुमचं आयकतेत."

मी उठून उभा राहिलो. चाळीस वर्षांनी तीच पायरी, तेच तोंडाकडे बघणारे लोक आणि या वेळी माझ्या शेजारीच तो माणूस. वाक्य जिभेवर होतं. ते बोललो असतो तर त्यांचा जोर गेलेला नाही हे त्यांना कळलं असतं. तो जोर बुरुजाला कधी लागलाच नव्हता, हेही त्याच वाक्यात कळलं असतं. एकातून दुसरं वेगळं काढायची युक्ती मला गाडीत सुचली नव्हती, तिथेही सुचली नाही.

"बुरूज आता फार मजबूत केला आहे," मी लोकांना म्हणालो. "पूर्वीचा असता तर आज राहिला नसता."

डोमाजींनी मान डोलावली. मग पुन्हा एकदा डोलावली, आणि त्या पोरीकडे पाहून तळहात उघडून दाखवले. सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही. मागे फादर घशात काही अडकल्यासारखे खाकरले.

घंटा आता रोज तीनदा होते, असं फादर फोनवर सांगतात. भोंग्याचा विषय मागे पडला आहे. मरळीच्या तोंडातून पाणी लांब पडेल, येत्या पावसाळ्यात एखाद्या फेट्यावरही पडेल.

वाक्य मात्र मी जसं नेलं होतं तसंच परत आणलं. ते असं होतं: डोमाजी, बुरूज तुम्ही नव्हता फोडला, तो मी फोडला आणि नाव तुमचं घेतलं, मला माफ करा.